विभागात टॉक आहे: ऐकायला कसं बसायचं आणि एक दिवस फळ्यापाशी कसं उभं राहायचं

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा रिसर्च सेमिनारला बसलो. चौथ्या मिनिटाला समजणं थांबलं. उरलेला तास मान खाली घालून फळ्यावरचं वहीत उतरवत राहिलो, शेवटी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि चहाच्या टेबलापाशी गेलो. तिथे आमचे एक सर दुसऱ्या सरांना सांगत होते, "पंधरा मिनिटांनंतर माझा धागा सुटला, पण ते वर्तुळाचं उदाहरण झकास होतं हं." मी वही उघडून पाहिली. नऊ पानं भरली होती आणि वर्तुळाचं उदाहरण त्यात नव्हतं. सोपं वाटलं म्हणून मी ते उतरवलंच नव्हतं.

पुढे लिहिलेलं सगळं त्या चुकीतून सुचलेलं आहे. शुद्ध गणिताच्या टॉकमधून एक उदाहरण घरी आणायचं असतं, आणि टॉक आपला असेल तेव्हा समोरच्यांना एक उदाहरण घरी न्यायला द्यायचं असतं. प्रमेयं नंतर शोधनिबंधात सापडतात. उदाहरणं बहुतेक वेळा फळ्यावरच असतात आणि डस्टरबरोबर जातात.

कुठे जायचं आणि कशाला

पुण्यात सोय चांगली आहे. गणेशखिंडीत विद्यापीठाचा गणित विभाग, पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था, आणि लॉ कॉलेज रस्त्याजवळ दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान, जे गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलं. यातल्या कुठल्याही ठिकाणच्या टॉकला बाहेरचा विद्यार्थी आला तर सहसा कोणी हरकत घेत नाही, पण आयोजकांना आदल्या दिवशी दोन ओळींची ईमेल टाका आणि गेटवर दाखवायला ओळखपत्र जवळ ठेवा. विद्यापीठ चौकातली वाहतूक धरून निघा. पाच मिनिटं उशिरा पोचलात तर नेमकी व्याख्या हुकते, आणि पुढच्या पंचावन्न मिनिटांना काही अर्थ राहत नाही.

टॉकच्या जाती ओळखता आल्या पाहिजेत. कोलोक्विअम सगळ्या विभागासाठी असतो. बीजगणितवाल्याने विश्लेषणवाल्याला समजेल असं बोलावं ही अपेक्षा असते, पाळली जातेच असं नाही. रिसर्च सेमिनार त्या त्या विषयाच्या सात-आठ जणांचा. रीडिंग सेमिनारमध्ये एखादं पुस्तक किंवा निबंध पाळीपाळीने वाचतात. तिथे मध्येच शिरलात तर मागचे आठवडे स्वतः भरून काढावे लागतात. स्टुडंट सेमिनार विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेला असतो. पीएचडीच्या सल्लागार समितीपुढचं प्रगती-सादरीकरण मात्र यात धरू नका. तिथे काम किती झालं ते दाखवायचं असतं, इथे गणित. दोन्हींसाठी एकच स्लाइड्स वापरणारे लोक असतात आणि दोन्हीकडे फसतात.

नव्या माणसाने आठवड्याला एक कोलोक्विअम आणि एक स्टुडंट सेमिनार धरावा. रिसर्च सेमिनार आपल्या गाईडच्या विषयाचा असेल तर कळो न कळो, दर आठवड्याला जावं. सहा महिन्यांनी शब्द ओळखीचे होतात, वर्षाने कोण कुठला प्रश्न का विचारतो ते समजायला लागतं.

जाण्याआधीचा अर्धा तास

ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे टॉकचा आधी कळवलेला सारांश, छापून घ्या किंवा वहीत उतरवा. अजिबात न ऐकलेल्या शब्दांवर फुली, नुसत्या ऐकलेल्या शब्दांखाली रेघ. फुल्यांच्या मागे लागू नका, अर्ध्या तासात त्या सुटत नाहीत. रेघ मारलेल्यांपैकी एकच शब्द निवडा, त्याची व्याख्या शोधा आणि त्याचं सगळ्यात लहान उदाहरण हाताने मांडून पाहा. "व्हॅल्युएशन" हा शब्द असेल तर परिमेय संख्या घ्या, ५ ही मूळ संख्या घ्या आणि ७५ मध्ये ५ किती वेळा जातो, ३/२५ मध्ये किती वेळा, ते लिहा. दोन आणि वजा दोन. एवढं हातात असलं की वक्ता म्हणतो "लेट व्ही बी अ व्हॅल्युएशन", तेव्हा तुमच्याकडे त्या व्हीला बसवायला काहीतरी असतं.

निबंध वाचून जायची गरज नाही. मी काही वेळा वाचून गेलो. वक्ता निबंधाच्या क्रमाने बोलत नाही आणि आपण पानं उलटत बसतो.

ऐकताना

वही उघडी, डावं पान आणि उजवं पान वेगळं. उजव्या पानावर फक्त व्याख्या, प्रमेयाचं विधान आणि प्रत्येक उदाहरण. डाव्या पानावर आपले प्रश्न आणि जिथे ठेचकाळलो ती जागा, वेळेसकट: "३.२२, हा गट सांत का?" (सांत म्हणजे मोजके घटक असलेला.) सिद्धता उतरवू नका. सिद्धता उतरवणारा हात आणि ऐकणारा कान एकाच वेळी चालत नाहीत, निदान माझे तरी चालत नाहीत.

पहिली पंधरा मिनिटं पूर्ण लक्ष द्या, कारण टॉकचा जो भाग सगळ्यांसाठी असतो तो तिथेच असतो. पुढे कधीतरी धागा सुटणारच. सुटला की धावत मागे लागू नका. वक्ता नव्या फळ्याकडे वळतो, "फॉर एक्झाम्पल" म्हणतो किंवा "सो द अपशॉट इज" म्हणतो, ती परत चढायची स्टेशनं आहेत. मधल्या वेळात उजव्या पानावरचं शेवटचं उदाहरण घ्या आणि त्यावर प्रमेय खरं आहे का ते तपासत बसा. अर्ध्या तासात केलेली ही तपासणी अनेकदा टॉकपेक्षा जास्त शिकवते.

दुपारच्या जेवणानंतर तीनच्या टॉकला झोप येते. प्राध्यापकांनाही येते. पहिल्या रांगेत बसून पेंगण्यापेक्षा तिसऱ्या रांगेत कडेला बसा. मागच्या बाकावर मात्र नको, तिथून खालची अर्धी ओळ दिसत नाही आणि लॅपटॉप उघडायचा मोह होतो.

प्रश्न

नव्या विद्यार्थ्याला वाटतं की प्रश्न हुशार असला पाहिजे. लहान प्रश्न चालतो, फक्त तो नेमका हवा. "सर, एन बरोबर एक असताना हे काय सांगतं?" हा प्रश्न मी पंचवीस वेळा तरी ऐकला असेल. एकदाही तो वाया गेला नाही, आणि दोनदा त्याने वक्त्याची चूक सापडली. "हे सांत असायला हवं ते कुठे वापरलं?" हा दुसरा. "हे गृहीतक काढलं तर मोडतं का, आणि मोडत असेल तर कुठे?" हा तिसरा आणि सगळ्यात फलदायी, कारण उत्तर म्हणून उदाहरणच द्यावं लागतं.

चिन्ह समजलं नसेल किंवा फळ्यावर वजा राहून गेला असेल तर तिथल्या तिथे विचारा. मोठा प्रश्न शेवटी. अगदीच धीर होत नसेल तर चहाच्या वेळी जा आणि वहीचं डावं पान दाखवा: "मॅडम, इथपर्यंत आले, पुढे अडले." बहुतेक वक्ते कागद मागून घेतात आणि उभ्या-उभ्या लिहायला लागतात. जे टॉकमध्ये सांगायला जमत नाही ते तिथे सांगतात.

मॉस्कोत गणितज्ञ इस्राएल गेलफांद यांचा सेमिनार १९४३ पासून कित्येक दशकं चालला. तिथे ते मध्येच वक्त्याला थांबवून श्रोत्यांतल्या एखाद्या विद्यार्थ्याला उभं करायचे आणि आत्तापर्यंत काय सांगितलं ते त्याच्याकडून वदवून घ्यायचे. आपल्याकडे असं कोणी केलं तर पुढच्या आठवड्यात हॉल रिकामा दिसेल. पण दोन मित्रांनी टॉकनंतर एकमेकांवर हा प्रयोग करायला हरकत नाही: पाच मिनिटं, वही बंद, आज काय झालं ते सांग.

आपल्याकडची खास जात म्हणजे "प्रश्न नाही, एक टिप्पणी आहे" असं म्हणून सात मिनिटं बोलणारे. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता तुमची पाळी

पहिला टॉक दुसऱ्याच्या प्रमेयावर द्या. यात कमीपणा नाही. पॅरिसचा बुर्बाकी सेमिनार (बुर्बाकी हे फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटाचं टोपणनाव) १९४८ पासून मुख्यतः याच रीतीने चालतो: वक्ता दुसऱ्या कोणाचा ताजा निकाल समजून घेतो आणि इतरांना समजावतो. स्वतःच्या कामावर बोलताना केलेले कष्ट दाखवायचा मोह होतो. दुसऱ्याच्या कामावर बोलताना तो नसतो.

माझा पहिला टॉक फसला तो व्याख्यांमुळे. पस्तीस मिनिटं मी पाया घालत होतो. "अजून एकच व्याख्या" असं तीनदा म्हटलं. प्रमेय लिहिलं तेव्हा अध्यक्ष घड्याळ बघत होते आणि उदाहरण राहूनच गेलं. दुसऱ्या टॉकला मी क्रम उलटा केला. तेव्हापासून तयारी उदाहरणापासून सुरू करतो. कशी, ते एका खऱ्या विषयावर दाखवतो.

विषय घ्या अभ्यंकर आणि टी. टी. मोह यांचं १९७५ सालचं रेषेचं प्रमेय. पुण्यात यावर बोललं तर श्रोते दोन मिनिटं जास्त जागे राहतात. आणि अभ्यंकरांना प्रिय असलेल्या शाळकरी बीजगणितातच त्याचं विधान बसतं.

पहिला फळा, प्रश्न. ट हा एक चल. त्याच्या दोन बहुपदी घ्या, त्यांना क्ष आणि य म्हणू. क्ष आणि य यांच्यात अचर संख्या मिसळून नुसत्या बेरजा, वजाबाक्या आणि गुणाकार करून ट परत मिळवता येतो का? येत असेल तर सरळ रेषा सपाटीत कुठेही स्वतःला न छेदता, टोक न येता बसवली गेली आहे. ही सगळी व्याख्या. एम्बेडिंग हा शब्द लिहा आणि पुढे चला.

दुसरा फळा, दोन उदाहरणं शेजारी-शेजारी. डावीकडे य म्हणजे टचा वर्ग, क्ष म्हणजे ट अधिक टचा चौथा घात. क्षमधून यचा वर्ग वजा करा, ट मिळाला. उजवीकडे टचा वर्ग आणि टचा घन. यांच्यातून शून्य, दोन, तीन, चार, पाच असे सगळे घात मिळतात, फक्त पहिला घात कधीच मिळत नाही. चित्र काढा, टोक दिसतं. आता कोट्या पाहा. (बाहेर कोटी म्हटलं की शब्दांची किंवा रुपयांची आठवते, इथे बहुपदीची, म्हणजे तिच्यातला सगळ्यात मोठा घात.) डावीकडे ४ आणि २, भाग जातो. उजवीकडे २ आणि ३, जात नाही.

तिसरा फळा, प्रमेय. कॅरॅक्टरिस्टिक शून्य असेल (म्हणजे अचर संख्यांत १ कितीही वेळा मिळवून शून्य येत नसेल), दोन्ही बहुपदी अचर नसतील आणि ट परत मिळत असेल, तर एकीची कोटी दुसरीच्या कोटीला निःशेष भागते. या क्षणी थांबा. पाणी प्या. श्रोत्यांना दुसऱ्या फळ्याकडे बघू द्या. म्हणून तो पुसलेला नसावा.

चौथा फळा म्हणजे टॉकचा जीव. गृहीतक काढलं तर? कॅरॅक्टरिस्टिक २ घ्या, म्हणजे जिथे १ अधिक १ शून्य होतं. क्ष म्हणजे टचा चौथा घात, य म्हणजे ट अधिक टचा सहावा घात. यचा वर्ग करा. मधलं पद दोनदा येतं म्हणून गळतं, उरतं टचा वर्ग अधिक टचा बारावा घात. बारावा घात म्हणजे क्षचा घन. म्हणजे यचा वर्ग वजा क्षचा घन बरोबर टचा वर्ग. त्याचा घन केला की टचा सहावा घात हाती येतो, तो यमधून काढला की ट. ट परत मिळाला, आणि कोट्या आहेत ४ आणि ६. प्रमेय मोडलं, तेही चार ओळींत. सोप्या दिसणाऱ्या विधानाला कॅरॅक्टरिस्टिक शून्य का लागतं, हे श्रोता या चार ओळी घेऊन घरी जातो. बाकी विसरला तरी चालेल.

पाचवा फळा, उपयोग. भाग जातो म्हणून मोठ्या कोटीच्या बहुपदीतून छोटीचा योग्य घात योग्य गुणकासह वजा करता येतो. कोटी उतरते, पुन्हा तेच, शेवटी रेषा सरळ होते. दुसऱ्या फळ्याच्या डाव्या बाजूला हेच एकदा घडलं होतं, तिकडे बोट दाखवा. सिद्धता लांब आहे, तिच्यात अप्रॉक्सिमेट रूट्स नावाचं हत्यार लागतं. सहाव्या फळ्यावर त्या हत्याराचं एक वाक्य आणि एक आकडेमोड. संपूर्ण सिद्धता देऊ नका. मागितली तर म्हणा, "नंतर बसू."

माझा हिशेब असा: नीट अक्षरात भरलेला एक फळा आठ मिनिटं खातो. टॉक साठ मिनिटांचा जाहीर झाला असला तरी बोलायचं पन्नास. म्हणजे सहा फळे, त्यापेक्षा एकही जास्त नाही. ते आदल्या आठवड्यात कागदावर सहा चौकोनांत जसेच्या तसे लिहा, कुठली ओळ कुठे तुटणार तेसुद्धा. सहाव्या चौकोनावर "वेळ नसेल तर गाळा" असं आधीच लिहून ठेवा. तिथे उभं राहून हा निर्णय घेता येत नाही.

ॲब्स्ट्रॅक्ट

सहा-सात वाक्यं. पहिली दोन एमएस्सीच्या मुलाला कळावीत, प्रमेय एका वाक्यात, आणि "काय माहीत असलं तर पुरे" हे शेवटी स्पष्ट लिहा: "बहुपदी आणि क्षेत्र यांची ओळख पुरेशी." मग ते वचन पाळा.

फळा, खडू, आवाज, इंग्रजी

रिकाम्या वर्गात एकदा पूर्ण टॉक द्या, मोठ्याने. ऐकायला एक मित्र पुरे, शक्यतो दुसऱ्या विषयाचा. त्याला शेवटच्या बाकावर बसवा आणि फक्त तीन गोष्टी लिहायला सांगा: कुठे अक्षर दिसलं नाही, कुठे आवाज पोचला नाही, कुठे समजणं थांबलं. पंखा चालू ठेवा; एप्रिलमध्ये तो चालूच असणार आणि आवाज त्याच्यावरून जायला हवा. लिहिताना फळ्याशी बोलू नका. लिहा, वळा, म्हणा.

खडू स्वतःचे न्या. विभागातले पावसाळ्यात सादळतात आणि फळ्यावर घसरतात. ओल्या फडक्याने फळा पुसू नका, जुलैत तो टॉक संपेपर्यंत वाळत नाही. स्लाइड्स चित्रांसाठी आणि मोठ्या तक्त्यांसाठी ठीक आहेत. बीजगणिताला फळाच बरा, कारण लिहिण्याच्या वेगाने बोललं की ऐकणाऱ्याला वेळ मिळतो. शिवाय लाईट गेली तरी टॉक चालू राहतो.

इंग्रजीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. नगर, बीड, सोलापूरहून आलेली आणि मराठी माध्यमात शिकलेली कित्येक मुलं गणितात पक्की असून टॉकला नाही म्हणतात. उपाय साधा आहे. पहिली पाच वाक्यं आणि शेवटची दोन लिहून पाठ करा. मधलं बरंचसं चिन्हांत असतं. चिन्हं मोठ्याने वाचायचा सराव मात्र वेगळा करा, कारण अडखळायला तिथेच होतं: चौकटी कंसातला टी आणि गोल कंसातला टी यांचा अर्थ वेगळा, म्हणून उच्चारही वेगळा ठरवा. वाक्यं लहान ठेवा. "दिस इज नॉट ट्रू इन कॅरॅक्टरिस्टिक टू. हिअर इज व्हाय." याहून चांगलं इंग्रजी त्या जागी लागत नाही. प्रश्न मराठीत आला आणि सगळ्यांना मराठी येत असेल तर उत्तर मराठीत द्या; पाहुणे असतील तर प्रश्न आधी इंग्रजीत सांगा. त्या निमित्ताने विचार करायला दहा सेकंद मिळतात.

उत्तर येत नसेल तर "आय डोंट नो" म्हणा आणि प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. प्रश्न समजलाच नसेल तर तेही सांगा. न समजलेल्या प्रश्नाचं उत्तर देताना मी एकदा स्वतःचंच प्रमेय खोटं ठरवून बसलो होतो. खरं तर प्रश्न फक्त एका खुणेबद्दल होता.

बाहेरचा पाहुणा असेल तर

आयोजनाचं काम विद्यार्थ्यांवर येतं, म्हणून थोडक्यात. मुंबईहून सकाळी येणाऱ्या वक्त्याला टॉक दुपारी दोन-अडीचच्या आत सुरू झालेला बरा, नाहीतर प्रश्नांच्या वेळी त्याचं अर्धं लक्ष संध्याकाळच्या इंद्रायणी एक्स्प्रेसकडे असतं. खोली, फळा की प्रोजेक्टर, आणि श्रोत्यांत एमएस्सीची मुलं किती, हे तीन मुद्दे आधी कळवा. तिसरा मुद्दा कळवला तर टॉक सुधारतो. परिचय दीड मिनिटात आटपा. चहा टॉकच्या आधी ठेवता आला तर उत्तम, लोक वेळेवर येतात.

दुसऱ्या दिवशी

ऐकलेला टॉक असेल तर उजव्या पानावरचं एक उदाहरण कोऱ्या कागदावर वही न बघता करा. अडलं तर वक्त्याला ईमेल करा: एक प्रश्न, तीन ओळी, खाली आपलं नाव आणि वर्ष. उत्तर आठवड्यात येतं किंवा येत नाही. आलं नाही तर राग धरू नका.

दिलेला टॉक असेल तर कोपऱ्यात लिहिलेले प्रश्न बघायला फळा उरलेला नसतो. म्हणून पुसण्याआधी मित्राला सहाही फळ्यांचे फोटो काढायला सांगून ठेवा, आणि मग फळा तुम्हीच पुसा. डस्टर जागेवर ठेवा. सकाळी तिथे एमएस्सीचा तास असतो.